अनगोळला परत आलेल्या तीन साड्या

मंगलआक्काच्या अनगोळच्या नव्या घरापुढचा फ्लेक्स कुणी लावला, हे विचारायची गरज कुणालाच पडली नाही. मांडवाच्या तोंडाशी आठ फुटी फ्लेक्स, त्यावर हात जोडून उभा विनोद, बाजूला साड्यांची चळत आणि खाली वीतभर अक्षरांत 'आहेर म्हणजे भाग्यलक्ष्मी सारीज, वडगाव'. वास्तुशांतीचा होम आटपून बाहेर पडलेल्या भटजींनी एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा विनोदकडं बघितलं, आणि घरमालकाला द्यायचा आशीर्वाद विनोदलाच देऊन ते निघून गेले. खरे घरमालक, म्हणजे नागेंद्रदाजी, शेजारीच उभे होते. त्यांनी तेही सोसलं. एक तर स्वभाव गरीब, आणि मेहुण्याचा फ्लेक्स काढायचा तर शिडी शोधावी लागली असती.

विनोदला आज कुणाच्याही आशीर्वादाची गरज होती, मग तो चुकून मिळालेला का असेना. जेवणं झाली की त्याचे वडील, आप्पा, बोलणार होते. तीन वर्षांपूर्वी वडगावच्या शेडमध्ये आठ मागांच्या खडखडाटात आप्पांनी त्याला सांगितलं होतं, "विणायचं काम आमचं, विकायचं काम तुझं. तीन वर्सं तुझी. चाललं तर चाललं, न्हाई तर माग काढून टाकायचं." ती तीन वर्षं गेल्या महिन्यात भरली. सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो यायचा होता, आणि शेडसाठी त्याच्या थोरल्या भावानं, परशरामअण्णानं, फरशीच्या गोडाऊनचं गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. आज शुक्रवार. म्हणजे तीन पिढ्यांचे माग वाचवायला विनोदकडं दुपारच्या जेवणानंतरचा एक तास होता, आणि त्या तासासाठी त्यानं भाषण पाठ केलं होतं.

आता हे विनोदचं मार्केटिंग काय होतं, ते सांगायला पाहिजे. हुबळीला एका हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर होतं, तिथं तो गेला होता. तिथल्या सरांनी एकच गोष्ट सतरा वेळा सांगितली, की आपलं गिऱ्हाईक ओळखा. विनोदनं घरी येऊन तीन दिवस विचार केला आणि गिऱ्हाईक ओळखलं. आपल्या भागात साडी नेसायला कोण घेतंय? बारसं, साखरपुडा, वास्तुशांत, लग्न, बाईमाणूस घरात आलं की तिला साडी. वर्षभर साड्याच साड्या, आणि सगळ्या द्यायच्या. मग नेसणारीच्या मागं कशाला लागायचं, देणारीला धरावं. दुकानाला बायकोचं नाव दिलं, बेळगुंदीपासून अनगोळपर्यंत भिंती रंगवल्या, रिक्षांच्या पाठीवर स्टिकर चिकटवले. पहिल्या लग्नसराईत साड्या अशा गेल्या, की विनोद आरशात स्वतःला 'सर' म्हणायला लागला.

दुसऱ्या वर्षी मात्र विक्री बसली. विनोदनं कारणं शोधली. इलेक्शन होतं. पाऊस लांबला होता. सुरतेचा माल आला होता. लोक मोबाईल घेत होते म्हणून साडीला हात आखडत होते. विनोदला सगळी कारणं सापडली, एक सोडून, आणि ते एक कारण रोज सकाळी त्याच्याच तोंडावर साबण लावून दाढी करत होतं.

"भाषण करणार हायसा व्हय?" भाग्यलक्ष्मीनं ताटं उचलता उचलता विचारलं.

"भाषण न्हवं. सादरीकरण."

"बरं. पोट भरलंय न्हवं? नीट जेवून घ्या, मग करा."

ती पुढं गेली. तिच्या अंगावर फिकट जांभळी, फुलाफुलांची सुरतेची साडी होती. भाग्यलक्ष्मी सारीजची मालकीण सुरतेच्या साडीत फिरतेय, हे विनोदनं बघितलं, आणि मनात म्हटलं, बायकांना मार्केटिंग कळत नाही.

जेवणं झाल्यावर हॉलमध्ये सतरंजी टाकली. आप्पा भिंतीला टेकून बसले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी संप केला, तेव्हापासून ते शेडमध्ये जात नव्हते. शेड परशरामअण्णा बघायचा. अण्णा आप्पांच्या उजव्या हाताला बसला होता, म्हणजे गोडाऊनच्या बाजूला. मंगलआक्का कालपर्यंत विनोदच्या बाजूची होती, पण तिच्या मांडवावर फ्लेक्स लागल्यापासून ती कुणाच्याच बाजूची राहिली नव्हती. राहिली मनुआत्या, आप्पांची थोरली बहीण. ती कायम ज्याचा चहा आधी येईल त्याच्या बाजूची असायची, म्हणून विनोदनं तिला दोनदा चहा पाजला होता.

विनोद खाकरला. "आप्पा, सगळी बसल्यात तर मी जरा—"

"थांब रं," मनुआत्या म्हणाली. "आधी आहेर बघूया. घर मंगलचं हाय, आज तिचा मान."

दोन चहा वाया गेले.

आत्यानं चष्मा चढवला. आहेराचे बॉक्स तिच्यापुढं ठेवले. आमच्याकडं आहेराच्या बॉक्सवर कोपऱ्यात बॉलपेननं देणाऱ्याचं नाव लिहितात, आणि ते मोठ्यानं वाचायचा हक्क घरातल्या सगळ्यात वडील बाईचा. टॉवेल-टोपी बाजूला, साड्या बाजूला. आत्या वाचत गेली, मंगलआक्का मान डोलवत गेली. चौथा बॉक्स आला तो लाल, सोनेरी कडेचा, वर कमळात बसलेली लक्ष्मी.

"आगं, ही तर आपलीच की," आत्या म्हणाली.

सहावाही लाल निघाला. आणि नववासुद्धा.

विनोदच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भाषणाची सुरुवात देवानंच करून दिली होती. "बघा आप्पा," तो पुढं सरकला, "नऊ साड्या आल्या, त्यात तीन आपल्या. तीनात एक. हुबळीचं सर याला काय म्हणतात ठाऊक हाय? मार्केट काबीज करणं म्हणतात. आणि अण्णा माग भंगारात द्यायला निघालाय."

परशरामअण्णानं खाली बघितलं. आप्पांनी चौथा बॉक्स हातात घेतला आणि ते विनोदकडं बघून जरासे हसले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. विनोदला त्या क्षणी वाटलं, माग वाचले.

"यल्लाप्पा, तो बॉक्स हिकडं दे जरा," मनुआत्या आप्पांना म्हणाली. "हितं काय तरी खोडलंय."

"ऱ्हाऊ द्या आत्या," कोपऱ्यातून अंजनीवहिनी म्हणाली. ही परशरामअण्णाची बायको. एरवी तिला आत्याच्या चष्म्याचं कौतुक फार, आज मात्र ती चटकन बोलली.

आत्याला वाचता येतं, ही आत्याच्या आयुष्यातली अभिमानाची गोष्ट. सातवी शिकलेली ती त्यांच्या गल्लीतली पहिली मुलगी. तिला 'राहू द्या' म्हणणं म्हणजे आणखी वाचायला लावणं. तिनं बॉक्स खिडकीकडं धरला.

"वर मंगलच्या चुलतसासूचं नाव हाय. त्याच्या खाली खोडलंय, पण दिसतंय. 'सरस्वती, खासबाग'. त्याच्या खाली 'जोशीबाई'. त्याच्या खाली कन्नडमधी काय तरी लिवलंय. आणि सगळ्यांच्या तळाला 'बाळाबाई, बेळगुंदी'." आत्यानं चष्मा खाली केला. "विनोद, एका साडीला पाच जणी देणाऱ्या कशा रं?"

हॉलमध्ये कुणी तरी फिस्सकन हसलं. विनोदला अजून नीट कळलं नव्हतं. कळायला वेळ लागतो, माणूस शिबिराला जाऊन आलेला असला की जास्तच लागतो.

आत्यानं सहावा बॉक्स उचलला. "हितं तीन नावं. मधलं नाव..." ती थांबली आणि तिनं अंजनीवहिनीकडं बघितलं.

"मला भाचीच्या बारशात आलती," अंजनीवहिनी पदराशी चाळा करत म्हणाली. "घरात आपल्याच एवढ्या पडल्यात. मी पुढं दिली. त्यात काय एवढं?"

"आणि ही नववी," आत्यानं शेवटचा बॉक्स फिरवला. "हिच्यावर खोडलेलं एकच नाव हाय. अक्षर बी ओळखीचं हाय." ती वाचत नव्हती. ती भाग्यलक्ष्मीकडं बघत होती.

भाग्यलक्ष्मीनं ताटांची चळत खाली ठेवली. "मी दिली," ती म्हणाली. "पाडव्याला ह्यांनी मला ओवाळणी घातलेली. मी आक्काच्या नणंदेला दिली. आता आक्काकडं आली."

आता हसू आवरायला कुणी तयार नव्हतं. नागेंद्रदाजी तर भिंतीकडं तोंड करून हसत होते, आणि त्यांच्या फ्लेक्स सोसलेल्या खांद्यांना त्याचा पूर्ण हक्क होता. विनोदही हसला. हसला नसता तर रडावं लागलं असतं, आणि रडायला तो उंबऱ्याबाहेर लावलेल्या स्वतःच्या आठ फुटी फोटोसमोर तयार नव्हता.

हसता हसताच त्याच्या डोक्यात हिशेबाविना सगळं उलगडत गेलं. साडी देणारी घेते, नेसणारी घेत नाही. ज्या बाईला मिळते ती उघडत नाही, ठेवते, आणि पुढच्या वास्तुशांतीला देते. एक साडी पाच घरं फिरते. म्हणजे पाच आहेर झाले आणि दुकानातून साडी गेली एक. जेवढं चांगलं मार्केटिंग, तेवढी साडी पक्की आहेराची, आणि तेवढी ती कुणाच्या अंगावर न चढता गावभर फिरणारी. त्यानं भिंती रंगवून लोकांना हेच शिकवलं होतं, की ही साडी नेसायची नसते.

"एकीचा टेप बी निघाल्याला न्हाई," मनुआत्या बॉक्समधली प्लास्टिकची पिशवी चाचपत म्हणाली. "साडी हाय का प्रसाद, हातोहात पुढं जातोय."

आप्पा हसत नव्हते. "मंगल," ते म्हणाले, "ती चौथी घे. आत जा, नेसून ये. घडी तूच मोड. माझ्या डोळ्यांनी बघू दे, आपली साडी अंगावर कशी दिसती ते."

इथं मात्र विनोद हसायचा थांबला. आतापर्यंत झाली ती फजिती होती, आणि फजितीची त्याला सवय होती. पण त्या टेप न उघडलेल्या पिशवीत काय आहे ते या घरात दोनच माणसांना माहीत होतं, एक तो आणि दुसरा परशरामअण्णा. त्यानं अण्णाकडं बघितलं. अण्णा वरच्या पंख्याकडं बघत होता. पंखा बंद होता.

"आप्पा, आत्ता कशाला, आक्का दमलीय," विनोद म्हणाला.

"व्हय, व्हय, पाहुणं जाऊ द्यात," अण्णा म्हणाला. सकाळपासून एकमेकांशी न बोललेले दोघे भाऊ पहिल्यांदाच एका बाजूला आले. आप्पांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि मंगलला हातानं 'जा' केलं.

मंगलआक्का आत गेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून तिचा आणि भाग्यलक्ष्मीचा कुजबुजल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली. साडी सुंदर होती. काठ गर्द, रंग पेरूच्या पानासारखा हिरवा. पण निऱ्या पडल्या होत्या तीन, आणि पदर खांद्यावरून मागं आला तो कमरेपर्यंतही पोचत नव्हता. मंगलआक्का काही धिप्पाड बाई नाही. ती पदर पुढं ओढायची, की निऱ्या सुटायच्या. निऱ्या सावरायची, की पदर खांद्यावर यायचा.

"हिकडं ये," आप्पा म्हणाले.

ती जवळ बसली. आप्पांनी साडीचा काठ कोपरापासून बोटापर्यंत आपल्या हातावर धरला आणि मोजायला लागले. पन्नास वर्षं असंच मोजलेलं. मंगलनं आत जाऊन साडी बदलून ती सगळी बाहेर आणून दिली, तेव्हा त्यांनी पुन्हा मोजली. 

"बारा हात पायजेत," आप्पा म्हणाले. "साडेदहा हाय." त्यांनी मान वर केली. "साडी कापायची मागावरची खूण कुणी हलवली?"

परशरामअण्णा म्हणाला, "मला सांगितलं म्हणून मी..." आणि पुन्हा पंख्याकडं बघायला लागला.

"मी," विनोद म्हणाला. "मी सांगितलं, आप्पा. दोन वर्सं झाली."

"कशापायी?"

विनोदकडं हुबळीची बरीच उत्तरं होती. सुताचा दर, सुरतेची चढाओढ, सगळं त्याला पाठ होतं. पण आप्पांच्या मांडीवर ती साडी पसरली होती, आणि तिच्यापुढं एकच उत्तर खरं होतं. "आहेराची साडी," तो म्हणाला. "मला वाटलं, उघडून कोण बघतंय."

 आप्पांना राग आला असता तर विनोदला बरं वाटलं असतं. पण आप्पांचा चेहरा पडला होता, गुडघे गेले तेव्हाही पडला नव्हता इतका. "माझ्या मागावर," ते एवढंच म्हणाले.

विनोदचे डोळे भरून आले. त्याला स्वतःचा इतका राग आला, की बाहेर जाऊन फ्लेक्सवरच्या त्या हात जोडलेल्या माणसाच्या कानाखाली द्यावी असं त्याला वाटलं.

"आप्पा, मी बोलू?" भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"बोल की, बाई. नाव तुझंच घातलंय दुकानाला."

"मी घरात फॉल-पिकोचं काम करतो. आमच्या गल्लीतल्या, शहापुरातल्या, सगळ्यांच्या साड्या माझ्याकडं येत्यात. सुरतेच्या येत्यात, कांजीवरम येत्यात, पेठेतल्या दोनशेच्या बी येत्यात. तीन वर्सांत आपल्या दुकानाची एक साडी फॉल लावाय आली न्हाई. मी ह्यांना तवाच सांगितलं. म्हटलं, जी साडी फॉलला येत न्हाई ती नेसली जात न्हाई, आणि नेसली न्हाई तर दुसरी कोण घेणार?"

"मग हा काय म्हणाला?" आत्यानं विचारलं.

"म्हणाले, तुला मार्केटिंग कळत न्हाई."

या वेळी कुणी हसलं नाही, आणि ते विनोदला जास्त लागलं.

"आता काय करायचं म्हणतीस?" आप्पांनी विचारलं. ते तिच्याकडं बघत होते, विनोदकडं नाही. तीन वर्षं त्याच्याकडं असलेलं काम त्या एका प्रश्नासरशी त्याच्या हातून निघून तिच्याकडं गेलं, हे विनोदला समजलं.

"बारा हात विणायची. आणि फॉल-पिको करून, पदराला गोंडे बांधूनच दुकानाबाहेर काढायची. फॉल लावल्याली साडी कोण आहेरात देत न्हाई. ज्या बाईला दिली तिनंच नेसायची. नेसली की चार बायका विचारणार, कुठनं घेतलीस गं. भिंती रंगवायला नकोत. आणि देणारीला आपणच विचारायचं, कुणासाठी घेतीस, ती काळी का गोरी, उंच का ठेंगणी. आमच्या ह्यांनी आजवर कुणाला विचारलं न्हाई."

"आणि कमी खपल्या तर?" परशरामअण्णानं विचारलं.

"कमी खपतील, भावजी. पण खपतील त्या फाटतील. फाटली म्हंजे बायका परत येतील."

आप्पांनी साडीची घडी घालायला घेतली. हळूहळू, काठाला काठ लावून. "टेम्पोवाल्याला सांग," ते अण्णाला म्हणाले, "चार रोज थांब म्हणावं. खूण बारा हातांवर न्ये आणि विणाय लाग. आणि विनोद, तू त्या बॉक्सवरची नावं घे, दुकानात ज्यांची ज्यांची नावं हाईत ती घे. दारोदार जा. साडी आखूड हाय, आम्हीच आखूड केली म्हणून सांग. जुनी घे, पुरी दे. लोक काय म्हणत्यात ते जसंच्या तसं मला येऊन सांगायचं. आपल्याला विणायचा अजून अधिकार हाय का न्हाई, ते लोकांस्नी ठरवू दे. मग मी टेम्पोचं बघतो."

सगळे निघेपर्यंत नागेंद्रदाजींनी शिडी आणलीच होती. फ्लेक्स विनोदनं स्वतः काढला.

मंगळवारी तो स्कूटरवर निघाला. मागं भाग्यलक्ष्मी, तिच्या मांडीवर बारा-बारा हातांच्या साड्यांचं गाठोडं. पहिल्या दारात बाई हसली आणि म्हणाली, "माझ्याकडं कुठली? ती कवाच पुढं गेली." दुसऱ्या दारात एकीनं माळ्यावरून बॉक्स काढून दिला, आणि फॉल लावलेली साडी बघून म्हणाली, "ही आता मलाच नेसाय लागणार की." तिच्या बोलण्यात तक्रार होती की आनंद, हे विनोदला कळलं नाही, पण तिनं ती लगेच खांद्यावर टाकून आरशात बघितली. तिसऱ्या घरात एका म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, "फसवलंसा, आणि वर सांगाय आलाय?" विनोद 'व्हय' म्हणाला. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच. आप्पांना सांगायला तेही त्यानं लक्षात ठेवलं.

बेळगुंदीला पोचायला दुपार झाली. बाळाबाई घराच्या पुढच्या सोप्यात बसून रताळ्यांची माती झाडत होती. आप्पा तरणे असताना सायकलवर लुगडी घेऊन या गावात यायचे, तेव्हापासूनची ती गिऱ्हाईक. तिनं दोघांना गूळ-पाणी दिलं. विनोदनं पाठ केलेलं सांगितलं, की साडी आखूड होती, बदलून द्यायला आलोय.

"एक मी पावणीला दिली," बाळाबाई म्हणाली. "दोन घेतलेल्या. दुसरी ही काय, अंगावर हाय."

विनोदनं बघितलं. पेरूच्या पानाचा हिरवा आता शेवाळी झाला होता, काठ धुऊन धुऊन मऊ पडला होता. तीन वर्षांत त्यानं विकलेली, कुणाच्या तरी अंगावर असलेली, त्यानं बघितलेली ही पहिली साडी.

"पण आजी, तुम्हाला पुरती कशी?"

बाळाबाईनं कमरेपाशी आत खोचलेलं टोक जरा बाहेर काढून दाखवलं. तिथं जुन्या लुगड्याचा दीड हात तुकडा जोडला होता, हातानं, बारीक टाक्यांनी. "आत जातंय, दिसत न्हाई," ती म्हणाली. मग तिनं पुढं वाकून आवाज उतरवला. "तू आता बदलाय आलास, त्ये बरं केलंस. पर यल्लाप्पाला ह्यातलं काय बोलू नगंस. आयुष्यात कवा त्याचं माप चुकलं न्हाई. वय झालं, डोळ्यांस्नी दिसत नसंल, खूण कुठं मारली कळलं नसंल. त्याच्या जिवाला लागंल. म्हणून मी कुणाला सांगितलं न्हाई. घरातल्यांस्नी बी न्हाई."

भाग्यलक्ष्मी विनोदकडं बघत होती. रताळ्यांच्या ढिगावर माश्या बसत होत्या. विनोदला वाटलं, 'बरं आजी, नाही सांगत' म्हणावं, साडी द्यावी आणि निघावं. फार सोपं होतं.

"आप्पांचं माप चुकलं न्हाई, आजी," तो म्हणाला. "त्यांस्नी ठाऊकच नव्हतं. मी कमी केलती. मुद्दाम."

बाळाबाई त्याच्याकडं बघत राहिली. तो खाली बघायला लागला, तरी ती बघत होती.

"म्हंजे यल्लाप्पाचं डोळं चांगलं हाईत?"

"चांगलं हाईत. शुक्रवारी त्यांनीच हातावर मोजून काढलं."

म्हातारीनं मोठा श्वास सोडला आणि पुन्हा रताळं हातात घेतलं. "मग झालं की," ती म्हणाली. "दोन वर्सं मी ग्रामदेवीला त्याच्या डोळ्यांसाठी तेल घालतोय."